यायलाय का आवाज?

आक्का,

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही आणि तुमच्याशी भांडायची माझी सवय काही सुटत नाही. परवा परभणीच्या स्टँडवर जिंतूरच्या गाडीत चढले, खिडकीशेजारी बसले आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. गाडी भरली तेव्हा कंडक्टर म्हणाले, "मॅडम, पिशवी उचला, ह्यायला बसू द्या." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी तुमची जागा धरून बसले होते. एक बाई येऊन बसल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. बोरीच्या अलीकडच्या आपल्या फाट्यापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. इतकी शांतता मला त्या गाडीत कधी मिळाली नव्हती आणि मिळाली तर नकोशी झाली.

तुम्ही किती वर्षं नोकरी केलीत, कुठल्या कुठल्या गावांत केलीत, ते शोकसभेत सरपंचांनी वाचून दाखवलं. सगळं खरं होतं, पण त्यात तुम्ही कुठेच नव्हतात. साऱ्या जित्राबांचे व्हिडिओ करणाऱ्या मोठ्या बाई भिंतीवरच्या पालीला बघून टेबलावर चढायच्या, हे त्यात नव्हतं. "पालीचा धडा तू घे, वैशे. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," असं म्हणून तुम्ही हात झटकले होते. तो व्हिडिओ राहिला तो राहिलाच. आपली शाळा दोन शिक्षकांची. गावाला तुम्ही मोठ्या बाई आणि मी बारक्या बाई, मी तुमच्यापेक्षा वीतभर उंच असूनही.

हे व्हिडिओचं खूळ कसं सुरू झालं ते आठवतं ना? शाळा बंद पडल्या होत्या आणि वरून आदेश आला होता की मुलांना मोबाइलवर शिकवा. तुमच्या पहिल्या ऑनलाइन तासाला मी माझ्या घरून हजर होते. पडद्यावर सगळ्या पोरांचे चेहरे आणि तुमच्या चौकटीत नुसता एक कान. कान, कानातली कुडी आणि मागे कडुलिंबाचा फाटा. तुम्ही साध्या फोनसारखा मोबाइल कानाला लावून बसला होतात आणि ओरडत होतात, "यायलाय का रे आवाज? पोरायहो, यायलाय का आवाज?" पोरं हसून बेजार. पहिलीतली गोदी म्हणाली, "बाई, आवाज यायलाय, पर तुमचा कानच दिसायलाय!" दुसऱ्या कोणाला लाज वाटली असती. तुम्ही म्हणालात, "मंग आज कानाचाच धडा घेऊ. कुणाकुणाला कान असतेत, सांगा बरं?" आणि खरंच घेतलात. शेळीचे कान, सशाचे कान, सापाला कान असतो का, चिमणीचा कान कुठं असतो. तास संपला तरी पोरं फोन ठेवायला तयार नव्हती.

तेव्हापासून "यायलाय का आवाज?" तुमच्या तोंडात बसलं ते बसलंच.

पुढे आपण नेटवर शोधायला लागलो. मुलांसाठी प्राण्यांचे व्हिडिओ, चित्रं, आवाज, खेळ. किती होतं तिथे! मी तर हरखून गेले होते. समुद्राच्या तळाचं, बर्फातलं, घनदाट जंगलातलं, सगळं एका बोटावर. मी रोज एकेक दुवा पालकांच्या गटावर टाकायची. आपल्या पोरांना कांगारू पाठ झाला, पेंग्विन पाठ झाला. तुम्ही कौतुकाने बघायच्या आणि एक दिवस म्हणालात, "हे सगळं लय भारी हाय गं. पर ह्याच्यात आपल्या बांधावरचं कामून काहीच न्हाई?" मी म्हटलं, असेल, आपल्याला शोधता येत नसेल. म्हणून आपण पाखरांच्या नोंदीचा तो नकाशा उघडला. जगभरातले लोक पाखरू दिसलं की त्यावर ठिपका टाकतात. पुण्यावर ठिपकेच ठिपके, संभाजीनगरकडे बऱ्यापैकी, आणि आपल्या गावाभोवती कोरं. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत. "म्हंजी आपल्याकडं पाखरंच न्हाईत का काय?" नेमकी तेवढ्यात शाळेमागच्या माळावरून टिटवी ओरडत गेली. तुम्ही म्हणालात, "हिला सांग. ही काय म्हणायलीय ती बग." आपला पहिला ठिपका टिटवीचा.

आणि मग लावा. आक्का, लावा आठवला की अजून मला एकटीला हसू येतं आणि लोक माझ्याकडे बघतात.

शाळा परत भरायला लागली होती. तुरीतल्या लाव्यांचा एखादा व्हिडिओ मुलांना दाखवावा म्हणून मी शाळेच्या टीव्हीवर "लावा" असं शोधलं आणि पहिला आला तो लावला. डोंगराचं तोंड फुटलं, लालभडक रस उसळला आणि एक गंभीर आवाज म्हणाला, पर्वताच्या मुखातून तप्त लावा बाहेर पडतो. मी घाईने बंद करायला गेले तर रिमोट चालेना. पोरं डोळे फाडून बघत होती. लावा म्हणजे तुरीत दबा धरून बसणारं मातकट पाखरू, हे त्यांना जन्मापासून माहीत. ते डोंगराच्या तोंडातून, आगीतून बाहेर पडतं हे आजच कळत होतं. शेवटी गोदीने काळजीने विचारलं, "बाई, भाजत न्हाईत का ते?" तुम्ही दारात उभ्या होतात. हसता हसता उंबऱ्यावरच बसलात, पदर तोंडाला लावून. डोळे पुसून झाल्यावर म्हणालात, "आपला लावा आपल्यालाच काढावा लागंल. दुसरं कुणी काढायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी आपण सरपंचांच्या तुरीच्या कडेला. मी मोबाइल धरलेला, तुम्ही पुढे, हळूच बोलत, "यायलाय का रे आवाज? तर पोरायहो, इथं कुठंतरी लावा बसलेला हाय. आपल्याला दिसत न्हाई, पर त्याला आपण दिसायलोय..." आणि तुमच्या पायातूनच भुर्रकन उडाले की चार-दोन! तुम्ही "अगं माय!" म्हणून किंचाळलात, माझा हात हलला आणि व्हिडिओत आलं काय, तर आभाळ, तुरीचा शेंडा आणि तुमची किंकाळी. लावा नाहीच. मी म्हटलं, परत काढू. तुम्ही म्हणालात, "कशाला? लावा असाच असतो. दिसायच्या आदी उडतो. पोरायला खरं ते दाखव." आपल्या गटावर सगळ्यात जास्त बघितला गेलेला तो व्हिडिओ आहे, आक्का, ज्यात लावा नाही असा लाव्याचा व्हिडिओ. आज तुरीच्या कडेने जाताना पोरं पाय आपटून आधी थांबतात आणि मग एका सुरात "अगं माय!" ओरडतात.

तुमचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नव्हतं, आणि गेलेल्या माणसाला देवपण द्यायची घाई मी करणार नाही. तुम्ही पालमकडच्या मेंढरांच्या घरातल्या, लहानपणी कळपामागे हिंडलेल्या. त्यामुळे जनावरांबद्दल तुमच्या आज्याने सांगितलेलं ते ब्रह्मवाक्य. दुतोंड्याच्या व्हिडिओत तुम्ही बिनधास्त सांगून मोकळ्या झालात की मांडुळाला दोन तोंडं असतात, सहा महिने ते ह्या तोंडाने चालतं आणि सहा महिने त्या. मी गाडीत सांगितलं, आक्का, एकच तोंड असतं, शेपटी बोथट असते म्हणून तसं वाटतं. तुम्ही फणकारलात, "माझ्या आज्यानं सोताच्या डोळ्यानं बगितलंय." मी म्हटलं, "आजोबा काय सहा महिने उभे राहून बघत होते का?" तुम्ही तोंड फिरवलंत ते परभणी येईपर्यंत खिडकीबाहेरच.

घरी जाऊन तुम्ही नेटवर स्वतः शोधलंत, फोटो मोठे करकरून बघितलेत. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ तयार. "यायलाय का रे आवाज? पोरायहो, काल मी तुमाला चुकीचं सांगितलं. माझ्या आज्याचंबी चुकलं व्हतं, पर तो आता हाय कुठं ऐकायला? मांडुळाला तोंड एकच. दुसरी हाय ती शेपूट." मी म्हटलं, आता पहिला व्हिडिओ काढून टाकू. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. मोठी माणसंबी चुकतेत हे लेकरायला कसं कळावं मंग?" दोन्ही व्हिडिओ अजून एकाखाली एक आहेत. पुढे नाल्याच्या कामात मांडूळ निघालं आणि मोठी माणसं 'धनाचा साप' म्हणून त्याभोवती कुजबुजायला लागली, तेव्हा आपल्याच शाळेची पोरं मध्ये घुसून म्हणाली, त्याला तोंड एकच हाय, त्याच्याजवळ धन-बिन काही न्हाई, ते उंदरं खातं, सोडा त्याला. सोडलं त्यांनी. तुम्ही ते ऐकलंत. नुसतं नाक ओढत फळा पुसत राहिलात, पुसलेलाच फळा.

आता भांडणाकडे येते, कारण ते अर्धं राहिलंय.

तुमचे व्हिडिओ मोबाइलवर कापून जोडायचं काम माझं. आणि तुमची खोड अशी की दर थोड्या वेळाने प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. "टिटवी अंडी कुठं घालती, सांगा बरं?" आणि मग काहीच नाही. वारा, लांबचा गाडीचा हॉर्न, कुणाची तरी शेळी. मग तुम्ही म्हणणार, "हां. शाब्बास." मी त्या रिकाम्या जागा कापायची आणि तुम्ही मला परत जोडायला लावायच्या. माझं म्हणणं साधं होतं. गावात धड रेंज नाही, घरात एक फोन, तोही बाप शेतातून आल्यावर मिळणार; व्हिडिओ जितका लहान तितका बरा. शिवाय तो 'यायलाय का आवाज'. मी चिडून म्हटलं होतं, "आक्का, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत आवाज यायलाय का म्हणून विचारतं का कोणी? उत्तर कोण देणार?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "देतेत की."

"तुम्हाला ऐकू येतं का?"

"मला कामून ऐकू यावं? त्यायला बोलता आलं म्हंजी झालं. ती जागा फुकट न्हाई, वैशे. ती लेकराची जागा हाय."

मला ते पटलं नव्हतं आणि आजही रेंजचा माझा मुद्दा खोटा नाही. आपलं तसंच चालू राहिलं. मी थोडं कापायची, तुम्ही थोडं राहू द्यायला लावायच्या. रोहीला नीलगाय म्हणायचं की रोहीच म्हणायचं यावरही तेच. मी म्हणायची परीक्षेत नीलगाय येते, तुम्ही म्हणायच्या, "निळी बी न्हाई न् गाय बी न्हाई. आदी घरचं नाव, मंग पुस्तकातलं."

मग पावसाळा सरताना जिल्ह्याच्या ऑनलाइन साहित्याचं काम बघणाऱ्या एका सरांचा फोन आला. कुणीतरी त्यांना आपले व्हिडिओ पाठवले होते. त्यांना ते मनापासून आवडले होते. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांच्या टीव्हीवर जातील, म्हणाले. सोनपेठच्या, पालमच्या, गोदाकाठच्या पोरांना आपला लावा दिसेल, म्हणजे दिसणार नाही. फक्त अट एवढीच की भाषा प्रमाण हवी, मधल्या रिकाम्या जागा काढाव्यात आणि आवाज दुसऱ्याने द्यावा, शक्यतो मीच. मला आनंद झाला होता, हे तुमच्यापासून लपून कशाला राहील? आपलं काम फाट्यापलीकडे जाणार होतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आवाज बदललास तर लावा ज्वालामुखीतून निघंल बग." मी रागावले. आपण दोन दिवस गाडीत डब्याचीही देवाणघेवाण केली नाही.

त्याच सुमारास तुमच्या व्हिडिओतल्या जागा लांबायला लागल्या होत्या. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम माझी जिरवताय. तुम्हाला धाप लागत होती, आक्का. प्रश्न विचारून तुम्ही तिथे श्वास घेत होतात, आणि कुणाला कळू दिलं नाहीत. जागा लेकरांची, आणि शेवटी शेवटी तिच्यात तुम्ही आसरा घेतलात. परभणीच्या दवाखान्यात मी तुम्हाला तसं म्हटलं तेव्हा नाकातल्या नळीसकट हसलात. "बग, जागा ठेवली ती कामाला आली का न्हाई?" मग माझा हात धरून म्हणालात, "तुझं म्हणणं तू सोडू नको. मी माझं सोडत न्हाई. बगू." आपलं शेवटचं बोलणं 'बगू' हे आहे. मला त्याहून काहीतरी मोठं बोलायचं होतं, तुमचे आभार मानायचे होते. नर्स आत आल्या आणि मी डबा उचलून निघाले.

ते आभार इथे मानते. मी परभणीच्या गल्लीत वाढलेली. कावळा आणि चिमणी सोडून सगळी पाखरं माझ्यासाठी 'पक्षी' होती. फाट्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता मला उन्हाचा नुसता त्रास वाटायचा. तुम्ही त्यात माणसं भरावीत तशी जित्राबं भरलीत. तारेवरचा कोतवाल कोण, बाभळीवरचं घरटं कुणाचं, पायवाटेवर माग कुणाचा. आज मी एकटी चालते आणि रस्ता मला ओळखीचा वाटतो. हे मला कोणत्याही दुव्यावर मिळालं नसतं. दुवे चांगले आहेत, आवाज ऐकून नाव सांगणारं ॲप तर मी रोज वापरते, पण थांबून ऐकायचं असतं हे तुम्ही शिकवलंत. त्याबद्दल मी तुमची जन्माची ऋणी आहे, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर म्हणाला असतात, "बास बास, लय झालं, डबा उघड."

तर झालं असं. तुमच्या दहाव्यानंतर सरांचा परत फोन आला. मी घरी बसून लाव्याचा नवा व्हिडिओ केला. चित्रं तीच, आवाज माझा. "नमस्कार बालमित्रांनो. लावा हा जमिनीवर राहणारा पक्षी आहे." स्वच्छ, नेमका, कुठे अडखळणं नाही, कुठे जागा नाही. तुमची किंकाळी काढून तिथे मंद संगीत टाकलं. सोमवारी शाळेत टीव्हीवर लावून बघितला. पोरांनी हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बघितला. अगदी शहाण्यासारखा. व्हिडिओ संपला. मग गोदी म्हणाली, "बाई, आता मोठ्या बाईंचा लावा ना?"

तुमचा आवाज त्या खोलीत तुम्ही गेल्यापासून लागला नव्हता. मी टाळत होते. पण नाही कसं म्हणू? लावला. आधी तुरीचा शेंडा आला, मग चपलांचा कचकच आवाज, आणि मग तुम्ही.

"यायलाय का रे आवाज?"

पहिली ते चौथी, अख्खी शाळा, छताचे पत्रे हलतील अशी ओरडली, "यायलाय, बाई!"

आणि त्या जागेत, जी मी इतक्या वेळा कापली होती, तुम्ही वाट बघत होतात. बरोबर तेवढाच वेळ. मग म्हणालात, "हां. शाब्बास." गोदीने मान डोलावली, जणू शाब्बास आताच मिळाली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि पुसलेलाच फळा पुसत राहिले.

दुपारच्या सुट्टीत मी सरांना फोन लावला. म्हटलं, सर, व्हिडिओ आहेत तसेच घ्यावे लागतील. पुस्तकातलं नाव मी खाली अक्षरांत लिहून देते, रोहीखाली नीलगाय, दुतोंड्याखाली मांडूळ. तेवढं माझं राहील. पण आवाज त्यांचाच आणि जागाही त्यांच्याच. सर भले माणूस, चिडले नाहीत. वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाले, आणि त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. फक्त फोन ठेवताना त्यांनी राहवेना म्हणून विचारलं, "पण मॅडम, रेकॉर्डिंगमध्ये 'आवाज यायलाय का' असं विचारून उपयोग काय? त्याला उत्तर कोण देणार?"

विचार करायच्या आतच माझ्या तोंडून निघून गेलं, "देतेत की."

भांडण संपलं, आक्का. आता पालीचा व्हिडिओ मी काढीन, तुम्ही टेबलावर चढू नका. आणि इतक्या दिवसांत तुम्ही दर वेळी विचारत होतात आणि मी एकदाही उत्तर दिलं नव्हतं, म्हणून आज देते.

यायलाय, आक्का. चांगला यायलाय.